विनशिपच्या पोर्चचा खांब

ऑर्डवे, विस्कॉन्सिन
९ मार्च १९८८

चि. लेलँड यास वर्नाताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, आणि पत्राबरोबर तुझे गुडघेही पोचले म्हणायचे, कारण चार पानांपैकी तीन त्यांच्यावरच आहेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी होडीच्या बुडाखाली उताणा पडून रंधा मारलास तर गुडघ्यांनी बोंब मारू नये तर काय करावं? इकडे बर्फ अजून कुंपणाएवढा आहे. कारीनचा फोन रविवारी येतो. लेक सुखात आहे.

आता खरी बातमी. काल दुपारी दारात कोण उभं असावं? मार्जरी विनशिप! हातात लिंबाचा केक आणि तोंडावर तो चर्चमधला हसरा भाव. गावातल्या इतिहास मंडळाची ती यंदा अध्यक्षा आहे. ऑर्डवेतल्या चाळीस जुन्या घरांची पुस्तिका निघायची आहे. कोणी बांधलं, कधी बांधलं, पुढे काय काय बदललं, सगळं. जूनमध्ये लोकांना पुस्तिका हातात देऊन घरोघर फिरवणार. मी जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं काढली, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. तिनं मला जुनं पत्रकही दिलं, आधाराला म्हणून. त्यात तिच्या घराखाली छापलंय की १८७४ सालच्या या वास्तूच्या पोर्चवरचा सज्जा स्थानिक सुताराच्या सदोष कामामुळे १९५१ मध्ये कोसळला.

स्थानिक सुतार. नील्स ब्रँडव्होल्ड हे नावसुद्धा नाही रे. आपल्या बाबांनी या गावात एकवीस घरं उभी केली, आणि त्यांच्या वाट्याला आलं ते एवढंच. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक बघायला त्या सज्ज्यावर अकरा माणसं उभी होती, सज्जा खाली आला, शाळेत गाणं शिकवणाऱ्या अल्मा रस्कबाई गेल्या. चौकशीत घरमालक, मार्जरीचा बाप क्लेटन विनशिप तासभर बोलला. बाबा एकच वाक्य बोलले, की पोर्च माझंच काम आहे. मी त्या खोलीत होते. अजून बोला, अजून काहीतरी बोला, असं मनात ओरडत होते. त्यानंतर त्यांना कोणी कोंबड्यांचं खुराडंही बांधायला दिलं नाही. ज्या शाळेचं छप्पर त्यांनी घातलं, तिथंच सात वर्षं केर काढून ते गेले.

मी काम घेतलं. केकही खाल्ला. मार्जरीला वाटतं मी मंडळाची सेवा करणार आहे. विनशिप ब्याण्णव वर्षांचा आहे, वरच्या मजल्यावर खिडकीशी बसलेला असतो, आणि त्याला हवं ते नीट ऐकू येतं. तो जिवंत आहे तोवर मला हे करायचं आहे. मेलेल्या माणसावर सूड काय उगवायचा?

गुडघ्यांना शेक दे. माझ्यावर जीव आहे तो असाच ठेव, आणि त्याचा पुरावा म्हणून लवकर लिही.

तुझी,
वर्नाताई


ओरेगन
२० मार्च १९८८

ती. वर्नाताईस लेलँडचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हसूही आलं. विनशिपच्या पोरीनं आपल्या हातानं मांजराला दुधाच्या भांड्याशी नेऊन बसवलं की! गुडघ्यांचा विषय बंद केला आहे. आता खांदा दुखतो, पण ते तुला सांगत नाही.

ताई, पण एक सांगू? बाकीची एकोणचाळीस घरं लिही. मनापासून लिही, तुझ्यासारखं कोणाला जमणार नाही. त्यात बाबांनी बांधलेली जी असतील त्यांच्याखाली त्यांचं नाव ठळक घाल. विनशिपच्या घराखाली दोन ओळी लिहून मोकळी हो. तो सज्जा राहिलेला नाही, पोर्च राहिलेला नाही, आणि म्हातारा आज ना उद्या जाईलच. सदतीस वर्षांनी तुला तिथं काय सापडणार आहे?

ऑर्विलभावोजी असते तर तेही हेच म्हणाले असते. त्यांनी त्या घराचा विषय कधी काढू दिला नाही, तुला आठवत असेल. तू बोलायला लागलीस की ते उठून लाकडं फोडायला जायचे.

तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून काळजी वाटते. रागावू नकोस. तुझ्या मायेला अंतर पडू देऊ नकोस, एवढीच विनंती.

तुझा,
लेलँड


ऑर्डवे
१४ एप्रिल १९८८

चि. लेलँड यास अ. उ. आ.

सापडलं. खुर्चीत नीट बस आणि मग वाच.

तीन आठवडे मी शहाण्या मुलीसारखी दुसरी घरं केली. ओल्सनांच्या तळघरात घडीव खिळे निघाले, तेव्हा ते घर समजतात त्याहून वीस वर्षं जुनं आहे. डॉक्टरांच्या जिन्याखाली वर्तमानपत्रं चिकटवलेली सापडली. मार्जरी खूश. मग मी म्हटलं, आता तुमचं घर. तिनं मला किल्ल्यांचा जुडगाच दिला आणि स्वतः केशकर्तनाला गेली.

मागच्या बग्गीखान्यात जुने डबे ठेवायला एक लांब फळकूट विटांवर आडवं टाकलेलं आहे. फळकूट कसलं, ती पोर्चची तुळई आहे! धूळ पुसली तर टोकाला बाबांची निळी पेन्सिल. १९३६, मे, वारा दक्षिणेचा, नील्स. ते प्रत्येक सांध्याच्या आत तारीख आणि हवा लिहायचे, आठवतं ना? मी तिथं जमिनीवरच बसले. म्हातारीनं मोजे फाडून घेतले.

आता नीट ऐक. त्या बाजूची तुळई दोन तुकड्यांची होती, आणि बाबांनी त्यांचा सांधा बरोबर खांबाच्या डोक्यावर आणला होता. खांब जिथं टेकतो तिथं रंग लागत नाही, तिथं कोऱ्या लाकडाचा चौकोन राहतो. सांध्याखाली तसा चौकोन आहे. पण त्याच्यावरून हिरवा रंग फासलेला आहे. आणि तिथून दीड-पावणेदोन फुटांवर दुसरा चौकोन आहे, अगदी कोरा. म्हणजे खांब मागाहून काढून बाजूला बसवला, आणि सांधा ठेवला हवेत लटकत! खाली लोखंडाची एक पट्टी ठोकली, ती माझ्या बोटाएवढी जाड नाही.

का हलवला तेही कळलं. नगर कचेरीच्या परवान्यांच्या वहीत सप्टेंबर १९५० ची नोंद आहे: विनशिप, गाडीची वाट रुंद करणे, घरचीच माणसं लावून. त्याच वर्षी त्यानं ती बोटीएवढी गाडी आणली होती. वाट पोर्चखालून जायची, आणि तिथल्या खांबांमधून ती आत जाईना, म्हणून खांब सरकवला. बाबांना एका शब्दानं विचारलं नाही. आणि मग भर चौकशीत सुताराकडे बोट दाखवलं.

मी हे सगळं लिहिणार आहे, लेलँड. चौकोनांचे फोटो काढले आहेत. हा माणूस खिडकीशी बसून आपल्याच घरावरचं हे वाचेल, तेव्हा मला तिथं असायचं आहे. आज मी शिट्टी वाजवत स्वयंपाक केला. शेजारणीनं विचारलं, लॉटरी लागली का.

आनंदात सहभागी हो. तुझ्याकडून लोभाची नाही, शाबासकीची अपेक्षा आहे.

तुझी,
वर्नाताई


ओरेगन
२३ एप्रिल १९८८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

शाबासकी देतो. बाबांचं अक्षर सापडलं हे वाचून मी काम तसंच टाकून घरी आलो.

आता हात जोडून सांगतो, इथं थांब. सज्जा बाबांच्या चुकीनं पडला नाही, एवढं लिही. खांब कोणी हलवला, कोणाच्या हातानं हलला, याच्या मागं लागू नकोस. मी सप्टेंबरमध्ये येतो, तेव्हा समोरासमोर बोलू. तोवर काही छापू नकोस. कारण विचारू नकोस.

एवढं माझं ऐक. तुझा धाकटा भाऊ म्हणून आजवर काही मागितलं नाही, हे मागतो.

लेलँड


ऑर्डवे
५ मे १९८८

श्री. लेलँड ब्रँडव्होल्ड यांस,

मायना बघून तुला काय ते कळलं असेल.

मी मसुदा मार्जरीला दिला. काल विनशिपनं मला बोलावून घेतलं. गुडघ्यांवर घोंगडी, त्यावर माझे कागद. आधी त्यानं माझ्या दोन तारखा दुरुस्त केल्या. घराचा पाया एप्रिलमध्ये नाही, मार्चमध्ये घातला म्हणाला. त्याच्या डबेबंद मक्याच्या कारखान्यात तो बायकांना असाच पकडायचा, डब्यात आठ दाणे कमी आहेत म्हणून. चूक आकडा त्याच्या पोटात टिकत नाही. मग म्हणाला, खांब हलवला असेल बुवा कोणी, मी त्या आठवड्यात शिकागोला होतो, नोकरांनी परस्पर काय केलं मला ठाऊक नाही. आणि मग हसला. त्याला दात नाहीत, तरी हसला. म्हणाला, वर्ना, करवत कोणाच्या हातात होती ते लिहायचं राहिलंय. तुझा भाऊ उगाच गाव सोडून गेला नाही, त्याला विचार. आणि उत्तर आलं की ठरव, छापायचं की नाही.

मी जिना उतरून घरी कशी आले मला माहीत नाही.

सप्टेंबर १९५० मध्ये विनशिपकडे वरकाम कोण करत होतं, ते मला सांगायला तुझी गरज नाही. माझं लग्न त्याच माणसाशी पुढच्या मे महिन्यात झालं. मला फक्त एवढंच सांग, तुला माहीत होतं का. हो किंवा नाही.

वर्ना टोलफसन


ओरेगन
१२ मे १९८८

ती. ताईस,

नमस्कार लिहायचाही धीर होत नाही.

हो.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्विल बाबांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये आले. मी मागं फळ्या रचत होतो, मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते बाबांसमोर बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. खांब त्यांनीच हलवला होता. आधी विनशिपला त्यांनी सांगितलं होतं की हे बरोबर नाही, नील्सना विचारू या. विनशिप म्हणाला, मी तुझे हात कामावर ठेवलेत, डोकं नाही. शिकागो वगैरे झूट आहे, ताई. ऑर्विल म्हणाले की तो समोर उभा होता. पण साक्षीला तिसरं माणूस नव्हतं.

ऑर्विल म्हणाले, चौकशीत मी सगळं सांगतो.  बाबांनी विचारलं, वर्नाला कितवा महिना. तिसरा, असं ऑर्विल म्हणाले. बाबा म्हणाले, विनशिपच्या शब्दापुढे तुझा शब्द टिकणार नाही, तुरुंगात तूच जाशील. एक माणूस बुडालाच आहे, दुसरा कशाला. आणि ही गोष्ट पोरीला कधी कळता कामा नये. मग त्यांनी मागं न बघताच मला हाक मारली आणि माझ्याकडूनही तेच वचन घेतलं. मी आत आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

म्हणून मी ओरेगनला आलो, ताई. काम मिळालं म्हणून नाही. बाबांना झाडू मारताना बघणं, आणि रविवारी तुझ्या टेबलावर ऑर्विलच्या समोर बसून जेवणं, या दोन्ही गोष्टी मला एकदम जमेनात.

तू काय म्हणशील ते मला मान्य आहे. पण बाबांनी सगळं दिलं ते तुझं घर टिकावं म्हणून. ते तू छापून मोडू नकोस.

लेलँड


ऑर्डवे इतिहास मंडळ
२० मे १९८८

श्रीमती वर्ना टोलफसन यांस स. न. वि. वि.

आमच्या घरासंबंधी आपण दिलेला मजकूर समितीने वाचला. माझे वडील त्या वेळी गावात नव्हते आणि खांब एका कामगाराने परस्पर हलवला, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्या मजकुरात त्या कामगाराचे नाव नाही. अर्धे सत्य छापणे मंडळास शोभणार नाही, हे आपणही मान्य कराल.

आपण प्रत्येक हाताचे नाव दिलेत, तर अध्यक्ष या नात्याने मी शब्द देते की मजकुरातील एकही ओळ गाळली जाणार नाही, आणि फेरीच्या दिवशी आमच्या दारात तो मी स्वतः वाचून दाखवीन. नाव देणे आपणास अवघड वाटत असल्यास, जे मी समजू शकते, पूर्वीचेच वाक्य कायम राहील.

आपल्याविषयी मला आदर आहे, तो तसाच राहील.

आपली,
मार्जरी विनशिप


ऑर्डवे
२० जून १९८८

लेलँड,

दीड महिना लिहिलं नाही. काय लिहायचं तेच कळत नव्हतं. तुझी तीन पत्रं आली. पहिलं वाचलं, बाकीची दोन आज सकाळी फोडली.

आधी तुझ्या मुद्द्याचं उत्तर. बाबांनी माझ्यासाठी सगळं दिलं, ते मला न विचारता. ऑर्विलनं ते घेतलं, मला न विचारता. तू तोंड शिवून घेतलंस, मला न विचारता. तिघं पुरुष एका खोलीत बसून माझं आयुष्य ठरवून मोकळे झालात, आणि मी तीस वर्षं त्या माणसाचे सदरे इस्त्री केले ज्याच्या पायी माझा बाप शाळेत संडास घासत होता. बाबांच्या शवपेटीचा पुढचा कोपरा ऑर्विलच्या खांद्यावर होता. तेव्हा तो रडला, आणि मला वाटलं, किती माया याची. त्याचा हिशेब कोणाशी करू? तो तर जाऊन सात वर्षं झाली.

मार्जरीचं पत्र आलं तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसलं. तिला वाटलं, ही विधवा नवऱ्याचं नाव काळं करणार नाही. म्हाताऱ्यानंच तिला सांगितलं असेल. मी गाडी काढून थेट कारीनकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, आई, मी तेव्हा पोटात होते म्हणूनच ना हे झालं? म्हणजे मलाही कोणी विचारलं नाही. छाप.

समितीच्या बैठकीत मी मार्जरीचंच पत्र पाचही जणांना वाचून दाखवलं, आणि मग त्यांच्यासमोर शाईनं मजकुरात लिहिलं: मालक क्लेटन विनशिप यांच्या हुकमावरून खांब ऑर्विल टोलफसन यांनी हलवला.  मार्जरीचा चेहरा मात्र त्या कागदासारखाच झाला. हुकूम हा शब्द काढा म्हणाली. मी म्हटलं, एकही ओळ गाळणार नाही असं लिहून कोणी दिलंय?

शनिवारी फेरी झाली. सत्तर माणसं असतील. हवा इतकी छान, की वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या उघड्या. विनशिप आपल्या जागेवर बसलेला. तो निश्चिंत होता, कारण हुकूम दिला हे माझ्या नुसत्या सांगण्यावर होतं, आणि शिकागो त्याच्या सांगण्यावर. गावात निम्मे लोक अजून त्याचं खरं मानतात. मार्जरीनं दारात उभं राहून वाचायला सुरुवात केली. तिनं शब्द पाळला, हे तिच्या बाजूनं सांगते. बाबांचं नाव आलं. १९३६ आलं. मग तिनं वाचलं, की गाडी आत यावी म्हणून १९५० मध्ये खांब अठरा इंच बाहेर सरकवण्यात आला.

लेलँड, ते अठरा नव्हते. मी तीनदा मोजलं होतं, तिन्ही वेळा एकोणीस आले होते. म्हाताऱ्यानं वाचलेल्या मसुद्यात आकडाच नव्हता; समितीपुढे ठेवताना आणि छापखान्यात देताना मी मुद्दाम अठरा लिहिलं.

वरून आवाज आला, एकोणीस! सगळ्यांनी माना वर केल्या. मार्जरी थांबली. म्हातारा खिडकीत पुढं वाकून काठी आपटत होता. ओरडला, की एकोणीस, अठरा नव्हे, टेप मी स्वतः धरली होती, त्या मूर्खाला धड मोजताही येत नव्हतं!

 कारखान्यात बावीस वर्षं उभी राहिलेली एडिथ प्रूट माझ्या शेजारी होती. ती शांतपणे म्हणाली, म्हणजे साहेब शिकागोला नव्हते. तिनं ते वरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. मग हळूहळू ते त्याच्याही लक्षात आलं. काठी हातातून सुटली, छपरावरून घरंगळत खाली फुलांच्या वाफ्यात पडली. कोणीही ती उचलली नाही. मार्जरीनं उरलेलं, अल्मा रस्कबाईंच्या नावासकट, वाचून संपवलं. मग आत जाऊन तिनं ती खिडकी लावून घेतली.

काल चर्चमध्ये विनशिपांच्या बाकावर मार्जरी एकटी होती. मला वाटलं होतं मला खूप हलकं वाटेल. वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी भरपेट जेवले आणि गाढ झोपले.

आता तुझी शिक्षा. सप्टेंबरमध्ये ये. चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतर कॉफीला सगळे बसतात, तिथं उभा राहा आणि बाबा त्या बाकावर काय म्हणाले ते सगळ्यांना स्वतःच्या तोंडानं सांग. विनशिपनं गुन्हा कबूल केला. पण बाबा गप्प का बसले ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. ते झालं की माझ्याकडे जेवायला ये. त्याआधी नको.

आज दोन्ही थडग्यांवर जायचा दिवस होता. दर जूनला दारातल्या पिओनीच्या फुलांचे दोन गुच्छ करते, एक बाबांना, एक ऑर्विलला. आजही सवयीनं दोन केले. ऑर्विलच्या दगडापाशी थांबले, वाळकी पानं बाजूला सारली, आणि पुढं गेले. दोन्ही गुच्छ बाबांपाशी ठेवले.

पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. तुझं दुखणं कसं आहे ते लिही. माया आटली नाही, पण सध्या मागू नकोस.

वर्ना